सदतीस ठिपके आणि एक लंबगोल

ऑगस्ट १९८५मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथं विश्वकिरणांवरची एकोणिसावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या कार्यवृत्ताचे जाडजूड खंड निघाले आणि त्यांतल्या तिसऱ्या खंडात, ४४५व्या पानावर, लीड्स विद्यापीठाच्या मायकेल हिलास यांचा चारेक पानांचा एक निबंध छापला गेला. त्यात दुर्बिणीतून घेतलेलं एकही निरीक्षण नाही. नव्या ताऱ्याची घोषणा नाही, मोठा सिद्धान्त नाही. संगणकात रचलेले कणवर्षाव, त्यांच्या प्रकाशाच्या प्रतिमा आणि त्या प्रतिमांवरून घ्यायची मोजकी मापं, एवढाच त्याचा ऐवज. पण चेरेनकोव्ह प्रकाशाच्या प्रतिमा टिपून गॅमा किरणांचा शोध घेणाऱ्या आजच्या सगळ्या दुर्बिणी रोज रात्री याच चार पानांच्या भाषेत बोलतात. मला हा निबंध सुंदर वाटतो. त्याचं सौंदर्य नेमकं कशात आहे, ते उलगडून पाहावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. दूरच्या ताऱ्याकडून निघालेला अतितीव्र ऊर्जेचा गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणाच्या वरच्या थरात तो एखाद्या अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी होऊन जातो. ही जोडी पुढं धावताना नवे गॅमा किरण फेकते, त्यांच्या पुन्हा जोड्या होतात, आणि बघता बघता हजारो कणांचा वर्षाव खाली येऊ लागतो. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर तो भरात येतो आणि मग विरतो. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगानं जात असतात, त्यामुळे हवेत निळसर चेरेनकोव्ह प्रकाश उमटतो. तो अब्जांश सेकंदांत मोजावा इतका क्षणिक असतो, पण जमिनीवर त्याचं सव्वाशे मीटर त्रिज्येचं एक थारोळं पडतं. या थारोळ्यात कुठंही आरसा ठेवा, तुम्हाला तो वर्षाव दिसेल. म्हणजे आरसा लहान असला तरी सापळा जवळजवळ पन्नास हजार चौरस मीटरचा होतो. हे फार मोठं वरदान आहे. खेकडा तेजोमेघाकडून ०.७ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे जे किरण येतात, ते एका चौरस मीटरवर साधारण दोन महिन्यांतून एक पडतात. उपग्रहावर बसवलेल्या एवढ्याशा उपकरणानं त्यांची किती वाट पाहायची?

हा प्रकाश पकडता येतो हे आधीच माहीत झालं होतं. रात्रीच्या आकाशाच्या एकूण उजेडात विश्वकिरणांच्या चेरेनकोव्ह प्रकाशाचा वाटा दहा हजारांत एक असावा, असा हिशेब पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४८मध्ये मांडला. पुढं चार-पाच वर्षांतच इंग्लंडमधल्या हार्वेल इथं गॅलब्रेथ आणि जेली यांनी कचऱ्याच्या डब्यात एक छोटा आरसा आणि एक फोटोमल्टिप्लायर नळी बसवली, डबा आकाशाकडं तोंड करून ठेवला आणि ते क्षणिक झोत टिपून दाखवले. आकाशाचा उजेड कितीही असला तरी तो सतत झिरपत असतो, तर वर्षावाचा उजेड एकदम येतो आणि जातो. इलेक्ट्रॉनिक्स चपळ असलं की हे दोन वेगळे करता येतात. रात्रीच्या आकाशाचा गोंगाट हा म्हणूनच या कथेतला दुय्यम खलनायक.

खरी अडचण पुढं आहे. त्या डब्यानं टिपलेले झोत गॅमा किरणांचे नव्हते. ते प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रं यांचे, म्हणजे विश्वकिरणांचे होते. हे कणही वातावरणावर आदळतात, वर्षाव घडवतात आणि तोच निळा प्रकाश तितक्याच क्षणात सांडतात. खेकडा तेजोमेघासारख्या ठळक स्रोताकडं दुर्बीण रोखली तरी एका गॅमा वर्षावामागं असे हजारेक वर्षाव येतात. सुपात धान्य पाखडताना भूस उडून जातं, कारण ते हलकं असतं. इथं भूस आणि दाणा यांचं वजन सारखं आहे, रंगही सारखा. मग पाखडायचं कशाच्या बळावर?

सोव्हिएत संघात चुडाकोव्ह आणि झात्सेपिन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला क्रिमियात बारा आरशांची मांडणी करून आकाश शोधलं. एकही स्रोत हाती लागला नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर १९६८मध्ये व्हिपल वेधशाळेचा दहा मीटर व्यासाचा परावर्तक उभा राहिला. त्यालाही कित्येक वर्षं ठाम असं काही सापडलं नाही. आरसे मोठे होत होते, चिकाटी अमाप होती. पण त्या आरशांना फक्त ‘उजेड आला’ एवढंच कळत होतं. कसा आला, हे कळत नव्हतं. १९७७मध्ये ट्रेव्हर वीक्स आणि टर्व्हर यांनी आरशाच्या नाभीपाशी एका नळीऐवजी नळ्यांचा पुंजका बसवून वर्षावाचं चित्रच घ्यावं असं सुचवलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्हिपलवर सदतीस नळ्यांचा कॅमेरा बसला. मधोमध एक, तिच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. दोन नळ्यांमध्ये अर्ध्या अंशाचं अंतर, म्हणजे आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा एकेक ठिपका. असे सदतीस ठिपके मिळून एक चित्र.

हिलास यांचा निबंध सुरू होतो तो इथं. या भरड चित्रातून काय वाचता येईल?

त्यांचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे आणि दोन्ही पायऱ्या भौतिकीतून आलेल्या आहेत. पहिली पायरी आकाराची. गॅमा वर्षावात जे काही घडतं ते विद्युतचुंबकीय असतं. जोडी होते तेव्हा दोघांमधला कोन अगदी बारीक, नवा गॅमा किरण फेकला जातो तोही जवळजवळ सरळ पुढं. हवेच्या अणूंवर घासून थोडं पांगणं होतं, तेवढंच. म्हणून हा वर्षाव सडपातळ राहतो. प्रोटॉन मात्र अणुकेंद्रावर आदळला की पायऑन उडतात आणि ते आडवा जोर घेऊन उडतात. त्यांतले विद्युतभाररहित पायऑन जन्मताच दोन गॅमा किरणांत मोडतात आणि प्रत्येकाचा वेगळा उपवर्षाव सुरू होतो. भारित पायऑन पुढं जाऊन पुन्हा आदळतात किंवा म्यूऑन होऊन थेट जमिनीकडं येतात. परिणामी प्रोटॉनच्या वर्षावाला फांद्या फुटतात, मध्येच गाठी येतात, कडेला एखादा एकटा डाग उमटतो. एका वर्षावाचं चित्र नीटस आणि लंबगोल, दुसऱ्याचं फिसकटलेलं.

दुसरी पायरी दिशेची, आणि मला ती अधिक देखणी वाटते. दुर्बीण स्रोतावर रोखलेली असते. स्रोताकडून आलेले सगळे गॅमा किरण परस्परांना समांतर, म्हणजेच दुर्बिणीच्या अक्षाला समांतर येतात. समांतर रेषा दृष्टीला एका बिंदूतून फुटताना दिसतात. उल्कावर्षावाच्या रात्री सगळ्या उल्का आकाशातल्या एकाच जागेतून निघाल्यासारख्या दिसतात, त्याचं कारण हेच. त्यामुळे वर्षाव जमिनीवर कुठंही पडो, कॅमेऱ्यातल्या लंबगोलाचा लांब अक्ष चित्राच्या मध्याकडं रोखलेला असतो. प्रोटॉनचं तसं नाही. आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात वळणं घेत घेत आलेला तो कण आपलं गाव विसरलेला असतो. तो कुठल्याही दिशेनं येतो आणि त्याच्या प्रतिमेचा अक्ष कुठंही रोखलेला असतो.

बस्स. सडपातळ आहे का, आणि मध्याकडं पाहतो आहे का. सगळं वेगळेपण या दोन प्रश्नांत आलं.

आता जरा जवळ जाऊन एक चित्र वाचू. समजा, दुसऱ्या कड्यातल्या एका नळीत ४० एकक प्रकाश आहे, तिच्या लगतच्या बाहेरच्या नळीत २५, शेजारच्या दोन नळ्यांत ८ आणि ६, आणि बाकी सगळीकडं दोन-तीनची कुजबुज. आधी ही कुजबुज पुसायची. ती पुसण्याची रीत पुढं रूढ झाली ती फार समंजस आहे. एक वरचा उंबरठा, एक खालचा. वरचा उंबरठा ओलांडणारी नळी चित्रात राहते. खालचाच ओलांडणारी नळी शेजारी भक्कम नळी असेल तरच राहते. एकटीदुकटी उजळलेली नळी बहुधा आकाशाच्या चढउताराची असते. वर्षावाचा उजेड शेजाराला धरून येतो. मग उरलेल्या आकड्यांवरून प्रकाशाचा मध्यबिंदू काढायचा, त्या बिंदूतून प्रकाश ज्या दिशेनं सर्वांत जास्त पसरला आहे ती दिशा काढायची. त्या दिशेतला पसरटपणा ही लांबी, तिला काटकोनात असलेला पसरटपणा ही रुंदी. मध्यबिंदू कॅमेऱ्याच्या मध्यापासून किती दूर, हे अंतर. आणि अक्ष वाढवला तर तो कॅमेऱ्याच्या मध्याला किती हुकतो, हेही एक माप.

अंकगणित शाळकरी आहे. तरीही एक नवल त्यात दडलेलं आहे. गॅमा प्रतिमेची जाडी एका ठिपक्याहून कमी असते. अर्ध्या अंशाच्या ठिपक्यांनी तिची रुंदी मोजायची म्हणजे जाड खडूनं बारीक रेघ मोजण्यासारखं होईल, असं कुणालाही वाटेल. पण वरच्या चित्रात ८ आणि ६ या आकड्यांनीच रुंदीची बातमी दिली आहे. प्रकाश शेजाऱ्यांत कसा वाटला गेला, यातून ठिपक्याच्या आतलं कळतं. माउंट हॉपकिन्सच्या कॅमेऱ्याएवढे भरड ठिपके असले तरीही विश्वकिरणांचे वर्षाव फार परिणामकारकपणे वेगळे काढता यावेत, असं हिलास निबंधाच्या आरंभीच्या सारांशात सांगतात. किती नेमकी ही जागा! ते आणखी बारीक कॅमेरा मागत नाहीत. समोर जे आहे त्यात काय शक्य आहे, तेच आधी दाखवतात.

निबंधातल्या एका मापाबद्दल मात्र माझी थोडी तक्रार आहे. प्रतिमेची रुंदी आणि तिची दिशा ही दोन्ही एकाच आकड्यात सामावणारं एक माप त्यांनी घडवलं आहे. कॅमेऱ्याच्या मध्याकडं जाणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रकाश किती पसरला आहे ते त्यातून कळतं. एकट्यानं वापरायचं तर ते सगळ्यांत धारदार ठरतं, आणि पहिलं मोठं यश त्याच्याच जोरावर मिळालं. पण त्यात एक गोष्ट दुसरीत मिसळते. चित्र नाकारलं गेलं ते जाड होतं म्हणून, की भलतीकडं पाहत होतं म्हणून, हे कळत नाही. पुढं १९९१च्या सुमारास व्हिपलवर १०९ नळ्यांचा कॅमेरा असताना ही दोन्ही मापं सुटी केली गेली आणि दिशेसाठी अल्फा हा साधा कोन रूढ झाला: प्रतिमेचा अक्ष आणि मध्याकडं जाणारी रेषा यांच्यातला कोन. तो लहान असेल तर प्रतिमा स्रोताकडं पाहते आहे. अल्फाचा आलेख काढला की विश्वकिरणांचे वर्षाव सगळ्या कोनांवर जवळपास सपाट पसरतात आणि शून्याजवळ गॅमा किरणांचा उंचवटा उभा राहतो. मला हा आलेख मूळ निबंधातल्या त्या मापापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात गोंगाट आणि स्रोत दोन्ही एका नजरेत दिसतात.

हिलास यांच्या पद्धतीचं मोल कळायचं तर तिच्या आसपास काय चाललं होतं ते पाहायला हवं. १९८३मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या गटानं सिग्नस एक्स-३ या जोडताऱ्याकडून अतितीव्र ऊर्जेचे गॅमा किरण येत असल्याचं जाहीर केलं. मोठी खळबळ माजली. पण त्या नोंदींत एक गोष्ट खटकणारी होती. त्या वर्षावांतले म्यूऑन नेहमीच्या विश्वकिरणांच्या वर्षावांपेक्षा फारसे कमी नव्हते. गॅमा वर्षावात म्यूऑन अगदी थोडे असायला हवेत. तरीही पुढची काही वर्षं या विसंगतीतून कदाचित एखादा नवाच कण असेल इथपर्यंत कल्पना लढवल्या गेल्या. नंतर अधिक संवेदनशील मांडण्यांनी तिकडं पाहिलं तेव्हा काहीच दिसलं नाही. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण गोंगाटाचा ढीग मोठा असला की त्यात हवं ते दिसू लागतं, आणि दिसलेल्याशी जुळेल असं स्पष्टीकरण मागाहून शोधलं जातं. हिलास यांनी क्रम उलटा ठेवला. गॅमाचं चित्र कसं असलं पाहिजे हे आकाशाकडं पाहण्याआधी कागदावर ठरलं. निवड आधी, निरीक्षण मागाहून.

या क्रमाचं फळ १९८९मध्ये दिसलं. वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा खेकडा तेजोमेघावरचा शोधनिबंध त्या वर्षी ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आला. त्याचा सारांश मी गद्याचा नमुना म्हणून वाचायला सांगेन. गॅमा प्रतिमांच्या आधी वर्तवलेल्या गुणांवरून निवड करून ९८ टक्क्यांहून जास्त पार्श्वभूमी वगळली, असं तो सांगतो. मग ९.० सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगानं घडणं जवळपास अशक्य असा संकेत. मग प्रवाहाचा आकडा, आणि लगेच कबुली की प्रवाह आणि ऊर्जा दोन्हींत दीडपट इकडंतिकडं होऊ शकतं. मग हे किरण तेजोमेघाच्या आत असलेल्या स्पंदक ताऱ्याच्या ठेक्यावर येतात का, तर त्यांतला पाव हिस्सासुद्धा ठेक्यात नाही. महिनोन्महिने पाहूनही चढउतार नाही. आणि शेवटी सावध अंदाज की हे किरण स्पंदकातून नव्हे तर तेजोमेघातूनच येत असावेत. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते सापडल्याचा आनंद या सारांशात एका विशेषणानंही व्यक्त झालेला नाही. प्रत्येक वाक्य एक शंका निस्तरतं आणि बाजूला होतं. १०५४मध्ये चिनी ज्योतिषांनी नोंदलेल्या स्फोटाचा तो अवशेष पुढं या साऱ्या क्षेत्राचं मोजमाप ठरला. आजही स्रोत किती प्रखर हे ‘इतके टक्के क्रॅब’ असंच सांगतात.

या कामात रात्रभर चालणारी एक शिस्तही होती. स्रोताकडं २८ मिनिटं पाहायचं, मग दुर्बीण मागं वळवून आकाशातल्या तीस मिनिटं मागून येणाऱ्या रिकाम्या जागेवर रोखायची आणि तिचाही २८ मिनिटं पाठलाग करायचा. त्यामुळे दोन्ही वेळा दुर्बीण जमिनीच्या हिशेबानं अगदी त्याच वाटेनं फिरते, हवेची तीच जाडी पाहते. दोन्हींतला फरक तो स्रोताचा.

पण फरक तेवढाच नसतो, आणि इथं मला सर्वांत आवडणारी युक्ती येते. वृषभ राशीत खेकडा तेजोमेघापासून साधारण एका अंशावर झीटा टॉरी नावाचा चांगला ठसठशीत तारा आहे. स्रोताकडं पाहताना तो कॅमेऱ्यात येतो, रिकाम्या आकाशात येत नाही. ताऱ्याचा उजेड पडलेल्या नळ्यांचा चढउतार वाढतो. चढउतार वाढला की उंबरठ्याच्या जरा खाली राहिलेली एखादी नळी उगीच उंबरठा ओलांडते, प्रतिमेचा आकार किंचित बदलतो, आणि काही हजार प्रतिमांनंतर दोन्ही बाजूंच्या निवडीत असा फरक पडतो जो गॅमा किरणांमुळे नसतोच. उपाय काय? ज्या बाजूला गोंगाट कमी आहे तिथं संगणकानं हिशेबानं तेवढा गोंगाट मिसळायचा. दोन्ही बाजू सारख्याच मळलेल्या झाल्या की मगच गाळायला बसायचं. या रीतीला त्या क्षेत्रात पॅडिंग म्हणतात. गोंगाट काढण्यासाठी गोंगाट घालायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागची न्यायबुद्धी लख्ख आहे. तुलना करायची तर दोघांना सारख्याच परिस्थितीत उभं करा.

एका दुर्बिणीची गोष्ट झाली. दुर्बिणींची मांडणी केली की हाच लंबगोल किती फुलतो! नव्वदच्या दशकात ला पाल्मा बेटावर हेग्रा या प्रकल्पानं एकच वर्षाव अनेक दुर्बिणींनी पाहण्याची पद्धत पक्की केली. नामिबियातल्या खोमास पठारावर १८०० मीटर उंचीवर हेस ही मांडणी २००४पर्यंत पूर्ण झाली: १२० मीटर बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार दुर्बिणी, प्रत्येकीच्या कॅमेऱ्यात ९६० ठिपके. (विश्वकिरण शोधणाऱ्या व्हिक्टर हेस यांचं नाव तिला दिलं आहे. ज्यांना गाळून टाकायचं त्यांच्याच शोधकाचं नाव, हे मला फार उचित वाटतं.) किमान दोन दुर्बिणींनी एकाच क्षणी पाहिलं तरच नोंद करायची, या एका अटीनं केवढी स्वच्छता येते. एकट्या म्यूऑनचा उजेड जमिनीवर लांबवर पोचत नाही. तो जवळच्या दुर्बिणीत कंस किंवा वलय काढतो आणि शेजारणीला पत्ताही लागत नाही. एकट्या दुर्बिणीला हे कंस फार छळायचे, कारण तुटका कंस सडपातळ लंबगोलासारखा दिसतो. चार दुर्बिणींत तो दारातूनच परत जातो. आणि पूर्ण वलयं फेकून देत नाहीत. वलयाच्या आकारावरून किती प्रकाश यायला हवा हे नेमकं काढता येतं, म्हणून आरसा आणि नळ्या किती मळल्या आहेत ते त्यांच्यावरूनच तपासतात.

चार प्रतिमांचे चार अक्ष एका चित्रावर एकमेकांवर ठेवले की ते जिथं छेदतात ती वर्षावाच्या उगमाची दिशा. आता स्रोत कॅमेऱ्याच्या मध्यावर असल्याचं गृहीत धरावं लागत नाही. एकट्या अल्फाची ही मर्यादा होती: स्रोत ठिपक्याएवढा असेल आणि त्याची जागा ठाऊक असेल तरच तो कोन उपयोगी. आकाशात पसरलेल्या स्फोट-अवशेषाचं काय? मांडणीनं ही अट काढून टाकली, आणि हेसनं आकाशगंगेच्या पट्ट्यात डझनावारी नवे स्रोत उघड केले, त्यांतले कित्येक पसरलेले.

रुंदीच्या बाबतीतही एक बारीक सुधारणा झाली आणि ती मला रसिकतेचीच वाटते. रुंद कशाला म्हणायचं? जास्त ऊर्जेचा वर्षाव, दूर पडलेला वर्षाव, आकाशात खाली झुकलेला वर्षाव, प्रत्येकाची शोभेलशी रुंदी वेगळी. म्हणून मोजलेली रुंदी सरळ न वापरता, एवढ्या प्रकाशाच्या आणि एवढ्या अंतरावरच्या गॅमा वर्षावाची रुंदी किती असायला हवी होती, त्याच्याशी ती ताडून पाहतात आणि सगळ्या दुर्बिणींची सरासरी घेतात. माप तेच, पण आता ते त्या त्या वर्षावाला त्याच्या जागी ठेवून लावलं जातं. ज्या खेकडा तेजोमेघासाठी वीक्स यांना ऐंशीच्या आसपास तास लागले, त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा मंद स्रोत हेसला साधारण पंचवीस तासांत गाठता येतो.

मुंबईकरांना या कथेत बाहेरून डोकवावं लागत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी १९६९च्या सुमारास उटीला सर्चलाइटच्या आरशांनी सुरुवात केली होती. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मध्य प्रदेशात पचमढीला पंचवीस दुर्बिणींची मांडणी उभारली, प्रत्येकीला सात आरसे. तिथं चित्र घेत नसत. प्रकाशाची लाट पंचवीस जागी केव्हा केव्हा पोचली हे अब्जांश सेकंदांच्या हिशेबात नोंदवत. गॅमा वर्षावाची लाट गुळगुळीत, गोलसर येते. प्रोटॉनची लाट खडबडीत, मागंपुढं झालेली. सडपातळ विरुद्ध फिसकटलेलं हा तोच भेद, पण जागेऐवजी काळात वाचलेला. वेगळ्या वाटेनं त्याच मर्माला पोचणारं ते काम मला हिलास यांच्या निबंधाचं भावंड वाटतं, आणि त्याची चर्चा आपल्याकडं फारच कमी झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस ही २१ मीटर व्यासाची, १०८८ नळ्यांची दुर्बीण लडाखमध्ये हानले इथं सुमारे ४३०० मीटरवर उभी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचं उद्घाटन झालं. ती एकटी आहे, म्हणून तिचं सगळं पाखडणं पुन्हा प्रतिमेच्या वाचनावरच अवलंबून. आणि ती जितक्या कमी ऊर्जेकडं जाऊ पाहते तितक्या प्रतिमा लहान होतात. चारपाच ठिपक्यांच्या गोळ्याला लांबी कुठली आणि रुंदी कुठली? तिथं लंबगोल थकतो, हे मान्य करायला हवं.

आता हे वाचन यंत्रं करतात. मॅजिक या ला पाल्मावरच्या दुर्बिणींनी निर्णयवृक्षांचं रान वापरलं, हेसनंही तशाच पद्धती आणल्या. पूर्ण चित्रच न्यूरल नेटवर्कपुढं ठेवण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्यांची धार जास्त आहे, यात वाद नाही. तरी त्या निर्णयवृक्षांच्या पुढ्यात काय वाढलेलं असतं ते पाहा: लांबी, रुंदी, अंतर, कोन. चार दशकांनंतरही यंत्राला खाऊ घालायचे घास हिलास यांनीच वळलेले आहेत. सबंध चित्र पाहणाऱ्या यंत्राबद्दल मला एक काळजी वाटते. त्याला शिकवलेले वर्षाव संगणकात रचलेले असतात. खऱ्या आकाशात तारे असतात, धूळ असते, एखादी नळी बिघडलेली असते, आणि यंत्र नेमकं त्यांवरून भेद करू लागलं तर कळायचं कसं? रुंदीचा आलेख मात्र डोळ्यांसमोर ठेवता येतो. खऱ्या वर्षावांचा आणि रचलेल्या वर्षावांचा तो जुळतो का, हे कुणीही विद्यार्थी तपासू शकतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गाळणीत अडकत नाही. विश्वकिरणांत थोडे इलेक्ट्रॉनही असतात, आणि इलेक्ट्रॉननं घडवलेला वर्षाव गॅमा वर्षावासारखाच सडपातळ असतो. साहजिकच आहे, गॅमा वर्षाव पहिल्याच पायरीला इलेक्ट्रॉन होऊन जातो. आकारावरून त्यांना वेगळं करणं जवळपास अशक्य. फक्त ते एका बिंदूतून न येता सगळ्या आकाशातून येतात. हेसच्या मंडळींनी हा गाळून न निघणारा गाळच मोजायला घेतला. जिथं कुठलाही स्रोत नाही अशा आकाशातल्या नोंदी घेतल्या, निवड आणखी कडक करून प्रोटॉन जवळजवळ संपवले, आणि जे उरलं त्यातून २००८मध्ये टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरच्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट काढला. २०२४मध्ये तोच वर्णपट ४० टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेला. एका टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जरा पुढं तो तीव्रपणे मोडतो आणि मग तसाच घसरत राहतो. एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन दूरवरून येऊ शकत नाहीत, कारण वाटेतल्या चुंबकक्षेत्रांत आणि प्रकाशात त्यांची ऊर्जा झपाट्यानं झिजते. ते जिथून निघाले ती जागा, आकाशगंगेच्या हिशेबानं, आपल्या शेजारीच कुठंतरी असणार. ती कोणती, याचा शोध त्याच चार दुर्बिणी आणि त्यांची नवी भावंडं घेत आहेत.